हारतुऱ्यातला तुरा



व्याख्यानापूर्वी जो विधी आपल्याकडे होतो तो आताच पार पडला. परिचय झाला, टाळ्या झाल्या, आणि माझ्या हातात गुलाबाचा एक गुच्छ आला. वक्त्याने तो दोन क्षण हातात धरावा, छायाचित्र निघाले की शेजारच्या टेबलावर ठेवावा आणि विसरून जावा, असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. मी तो आज मोडणार आहे. हा गुच्छ मी समोरच ठेवतो, कारण माझे आजचे व्याख्यान त्याच्याविषयीच आहे.

विषय सुचला त्याला एक लहानसे निमित्त झाले. काही वर्षांपूर्वी एका गावी अशीच सभा आटोपल्यावर मी विसरलेला चष्मा घ्यायला सभागृहात परतलो. दिवे अर्धे मालवले होते. व्यासपीठामागे, खुर्च्यांच्या पायांशी, सन्मानाचे अकरा गुच्छ चुरगळलेल्या चकचकीत कागदात पडून होते. झाडू मारणाऱ्या बाई त्यांतला एकेक उघडून बघत होत्या. ''दादा, हे कुणी नेणार आहे का?'' त्यांनी विचारले. कोणी नेणार नव्हते. त्यांनी ताजी दिसणारी सात-आठ फुले वेगळी काढली, खालची पाने नि काटे ओरबाडून टाकले, देठ एकमेकांवर तिरपे धरले आणि पदराच्या टोकाला लोंबणाऱ्या दोऱ्याने दोन वेढ्यांत बांधून टाकले. तयार झालेला तुरा इतका डौलदार होता की मला चष्म्याचा विसर पडला. शंभर वर्षांच्या परंपरेचा पॅरिसचा फूलवालाही याहून निराळे काही करत नाही, हे मला पुढे वाचताना कळले.

तेव्हापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. गुच्छ ही वस्तू परकी, तिचे 'बुके' हे नाव फ्रेंच, हार तेवढा आपला, असे आपण समजतो. हे खरे आहे काय? आणि हाताने बांधलेल्या गुलाबाच्या जुडीला फ्रान्समध्ये तीन-साडेतीनशे वर्षांनंतरही जो मान आहे, तो कशामुळे टिकला?

प्रथम शब्दांकडे पाहू. आपण 'हारतुरे' हा जोडशब्द नेहमी वापरतो, परंतु त्यातला हार तेवढा आठवतो, तुरा विसरतो. तुरा हा शब्द फार्सीतून आला. पागोट्यात खोवायचा तो तुरा. कोंबड्याच्या डोक्यावर तुरा असतो, उसाला तुरा येतो, कोणी मोठी कामगिरी केली की त्याच्या शिरपेचात तुरा खोवला जातो. देठासकट एकत्र बांधलेली, वर उभी राहणारी फुलांची जुडी म्हणजे तुरा. सत्काराच्या वेळी गळ्यात हार आणि हातात तुरा, ही पद्धत 'बुके' हा शब्द आपल्या कानांवर पडण्यापूर्वीपासून महाराष्ट्रात होती. संस्कृतात त्यालाच स्तबक म्हणत. भर्तृहरीने नीतिशतकात थोर माणसाला फुलांच्या स्तबकाची उपमा दिली आणि त्याच्या दोनच गती सांगितल्या: सर्वांच्या मस्तकी मिरवणे, नाही तर रानातच सुकून जाणे. खुर्चीखाली लोळणे ही तिसरी गती त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हती.

आपल्या या सातपुड्याच्या पायथ्याशी तर तुऱ्याचे अगत्य निराळे सांगायला नको. काठीच्या होळीला जो कोणी गेला असेल त्याने मोरपिसांचे उंच टोप घालून नाचणारे बुध्ये पाहिले असतील. फुलांचा असो, पिसांचा असो, माणसाने उत्सवाच्या दिवशी मस्तकावर काहीतरी उभे डोलते मिरवावे, ही हौस फार जुनी आहे.

आता गंमत अशी की, फ्रान्समध्येही फूल आधी मस्तकावर होते आणि मग हातात आले. पॅरिस शहरात फुले विकणाऱ्या आणि बांधणाऱ्या स्त्रियांचा एक संघ होता. 1677 साली, चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत, त्याला रीतसर सनद मिळाली. स्वतंत्र सनद असलेले स्त्रियांचे व्यावसायिक संघ त्या काळी पॅरिसमध्ये बोटांवर मोजण्याइतकेच होते. त्यांतला हा एक. त्या स्त्रियांना 'बुकेतिएर' म्हणत. पण त्यांच्या पदवीत आणखी एक शब्द जोडलेला असे, त्याचा अर्थ 'फुलांच्या टोप्या करणाऱ्या'. मध्ययुगात सण-समारंभात, लग्नकार्यात डोक्यावर गुलाबाचे कडे घालण्याची चाल तिकडे होती. म्हणजे त्यांच्याकडेही वेणी आणि तुरा बांधणारे हात एकच होते. 'बुके' या शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? झाडांची लहानशी राई. हातात धरता येईल एवढे एक रान, असे म्हणा.

या सनदेच्या आदल्याच वर्षी, 1676 मध्ये, पॅरिसला एक प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. ते ताव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याचे. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणाऱ्या वाटेने तो आपल्या याच मुलखातून गेला. नवापूरच्या तांदळाविषयी त्याने लिहिले आहे की, दाणा लहान, शिजला की बर्फासारखा पांढरा आणि वास कस्तुरीचा. पुढे नंदुरबार त्याच्या वाटेवर होते. आज खापरवरून अंकलेश्वर-बुऱ्हाणपूर रस्त्याने मालमोटारी धावतात. त्या काळी जरा दक्षिणेकडून बैलांचे तांडे जात. त्यांच्या पाठीवर कापड असे, नीळ असे. मोठ्या रस्त्यांच्या कडेने माल जातो तसा शब्द जातो, चाल जाते, फूलही जाते. गुलाबाची कथा ही अशा रस्त्यांचीच कथा आहे.

'गुलाब' हा शब्दच पाहा. फार्सीत गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे गुलाबपाणी. आपण त्या पाण्याचे नाव फुलाला देऊन टाकले. याचा अर्थ इतकाच की, हे फूल आपल्या थोरांच्या दरबारात मुख्यतः द्रवरूपाने वावरत होते. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानच्या आईने लावला असे नमूद केले आहे. मोगलांच्या अमलात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. मराठी दरबारांतही पाहुण्याला निरोप देताना विडा, अत्तर, गुलाबपाणी आणि हारतुरे हा क्रम असे. अत्तरदाणी आणि गुलाबदाणी पुढे आली की शहाण्या माणसाने ओळखावे, उठायची वेळ झाली.

हे हारतुरे करी कोण? इथे इतिहास एका घराच्या दारात येऊन थांबतो, आणि ते घर आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे गोऱ्हे आडनावाचे माळ्याचे कुटुंब. त्यांतले शेटीबा पुढे पुण्याकडे आले. राणोजी, कृष्णा आणि गोविंद हे त्यांचे तीन मुलगे. ही मुले पुण्यात फुलांचे काम शिकली. हार, तुरे, फुलांच्या गाद्या, फुलांच्या जाळ्या यांत त्यांचा हात असा बसला की पेशव्यांच्या वाड्यात त्यांची वर्णी लागली. काम पाहून सरकार प्रसन्न झाले आणि 35 एकर जमीन इनाम मिळाली. लोक त्यांना गोऱ्हे म्हणेनासे झाले; 'फुले' म्हणू लागले. पुढे थोरल्या भावाने ते इनाम एकट्याच्या नावावर करून घेतले आणि धाकट्यांना बाहेरची वाट दाखवली. गोविंदरावांनी पुण्यात फुले आणि भाजी विकून संसार केला. त्यांचा मुलगा 11 एप्रिल 1827 रोजी जन्मला. तो जोतीराव.

श्रोतेहो, ज्या आडनावाला आपण आज हात जोडतो ते आडनाव हाताने बांधलेल्या फुलांनी दिलेले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. वाड्यात ज्यांच्या गळ्यात हार पडत त्यांची नावे बखरींत आली. हार ओवणारे हात बखरीत आले नाहीत. त्या हातांच्या घरातच असा माणूस निपजला की ज्याने विचारले, मान कोणाला आणि कष्ट कोणाचे? 1873 साली त्याने सत्यशोधक समाज काढला, आणि त्याच वर्षीच्या 25 डिसेंबरला भटजीवाचून, अगदी थोड्या खर्चात, त्या पद्धतीचा पहिला विवाह लागला. वधूवरांनी एकमेकांना दिलेली वचने हा त्या विवाहपद्धतीचा गाभा. 2 मार्च 1888 रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सत्काराची मेजवानी होती. तिथे जरीच्या पोषाखांच्या गर्दीत जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात उभे राहिले आणि म्हणाले की देशाचे खरे प्रतिनिधी ही भरजरी मंडळी नव्हेत. त्याच वर्षी 11 मे रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभागृहात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. ज्याच्या वडिलांनी फुले विकली त्याला ही पदवी मिळाली, आणि ती देणारे कष्टकरी होते. सत्कार कसा असावा याचा नमुना म्हणून मी त्या सभेकडे पाहतो.

पॅरिसच्या बुकेतिएर स्त्रियांची कथाही या कथेची बहीण शोभेल अशी आहे. 1776 मध्ये तुर्गो या मंत्र्याने व्यावसायिक संघ मोडीत काढले. काही महिन्यांत बरेचसे संघ पुन्हा उभे झाले. फूलवाल्यांचा मात्र झाला नाही. त्यांचा धंदा कोणालाही मोकळा ठेवला गेला. 1789 साली राजाने सर्वांची गाऱ्हाणी मागवली, तेव्हा या स्त्रियांनीही आपले गाऱ्हाणे छापले. आमच्या धंद्यात आता कोणीही शिरते, शिकलेल्या हाताला किंमत उरली नाही, कुटुंब पोसणे कठीण झाले, असा त्याचा आशय होता. त्यात स्वार्थ नव्हता असे मी म्हणणार नाही. बंद दाराआड बसलेल्याला दार उघडले की वारा लागतोच, आणि दाराबाहेर थांबलेल्या गरीब बायकांनाही पोट होतेच. परंतु बास्तीय पडण्याच्या वर्षी, एवढ्या मोठ्या गदारोळात, फुले बांधणाऱ्या स्त्रिया उठून सांगतात की आमचे काम हे शिकण्याचे काम आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

संघ गेला, राजा गेला, पण हाताने बांधलेला गुलाब गेला नाही. उलट पुढच्या शतकात तो घराघरांत शिरला. त्याला तीन कारणे झाली.

पहिले कारण बागेतले. युरोपातला जुना गुलाब वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडी, बहरून संपत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनमधले गुलाब जहाजांतून तिकडे पोचले. ते पुनःपुन्हा फुलणारे होते. ते आशियातून आपल्या बंदरांच्या वाटेने येत, म्हणून फ्रेंचांनी त्यांना बंगालचा गुलाब म्हटले. 1820 च्या सुमारास हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावरून, म्हणजे आजच्या रेयुनियोंवरून, पॅरिसला एका नव्या गुलाबाचे बी गेले. तिथे कुंपणाला लावलेल्या चिनी आणि दमास्कसच्या गुलाबांचा आपोआप संकर झाला होता. नेपोलियनची पत्नी जोसेफीन हिने मालमेझाँच्या बागेत गुलाब जमवले. रदूते या चित्रकाराने 1817 ते 1824 या काळात गुलाबांची चित्रे प्रसिद्ध केली. आणि 1867 साली लियाँच्या गियो या माळ्याने 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब लोकांपुढे ठेवला. लांब कळी, ताठ देठ, वारंवार बहर. संकरित टी जातीचा तो पहिला गुलाब समजतात. फुलाने मान खाली घातली तर जुडी बांधता येत नाही. मान ताठ झाली आणि गुच्छाला खरा गुलाब मिळाला.

दुसरे कारण लोखंडी रुळांचे. 1864 मध्ये रेल्वे नीस शहरापर्यंत गेली आणि भूमध्य समुद्राकाठची फुले ऐन हिवाळ्यात पॅरिसला पोचू लागली. आल्फाँस कार नावाच्या लेखकाने तर लेखणीसोबत फुलांचा व्यापारही नीसमध्ये मांडला होता. योगायोग असा की, त्याच 1864 साली मुंबईहून गुजरातकडे जाणारी रेल्वे सुरू झाली, आणि पुढे त्याच मार्गाने वसईची फुले मुंबईच्या बाजारात येऊ लागली. वसईच्या वाड्यांतल्या फुलांच्या करंड्या आजही पहाटेच्या गाडीने दादरला उतरतात. दोन्हीकडे शहर वाढले, आणि ज्याच्याजवळ अंगण नाही त्याला फूल विकत घेण्याची सवय लागली.

तिसरे कारण मनाचे. 1819 साली पॅरिसमध्ये शार्लोत द लातूर या नावाने 'फुलांची भाषा' सांगणारे पुस्तक निघाले आणि कोणत्या फुलाचा अर्थ काय, याचे वेड पसरले. ही कल्पनाही पूर्वेकडचीच. तुर्कस्तानात फुलांतून निरोप धाडतात असे त्याआधी शंभर वर्षे एका इंग्रज बाईने आपल्या पत्रांत लिहिले होते. तोंडाने जे बोलता येत नाही ते गुलाबाच्या जुडीने बोलावे, ही सोय संकोची माणसाला फार बरी वाटली असली पाहिजे.

तरीही ही सर्व कारणे गुलाब का पसरला हे सांगतात. हाताने बांधलेलाच गुच्छ का टिकला, हे सांगत नाहीत. कारण मध्यंतरी निराळ्या पद्धती आल्या होत्याच. एकोणिसाव्या शतकात फुलाचा देठ आखूड कापून त्याला तार टोचायची, तारांचा झुपका करायचा आणि भोवती जाळीदार कागदाची कॉलर लावायची, अशी रीत युरोपभर होती. दिसायला रेखीव; पण देठच नसल्याने फूल पाणी पिणार कुठून? संध्याकाळच्या नाचापुरते ते टिके.

हाताने बांधण्याची युक्ती याच्या उलट आहे. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांची कडी करायची. तीत पहिला गुलाब सरळ धरायचा. दुसरा त्यावर तिरपा, तिसरा त्याच बाजूला तिरपा. काही फुले झाली की जुडी हातातच जरा फिरवायची आणि पुन्हा त्याच दिशेने घालत जायचे. एकही देठ उलट्या दिशेने गेला तर तो मोडतो किंवा शेजाऱ्याला मोडतो. वर फुलांचा गोल घुमट होतो, खाली देठांचा फाकलेला घेर, आणि मध्ये जिथे सर्व देठ एकमेकांना छेदतात तिथे एकच गाठ. खालची पाने काढून टाकायची, नाही तर ती पाण्यात कुजतात. देठ धारदार सुरीने कापायचे, म्हणजे पाणी चढण्याच्या नळ्या चेचत नाहीत. नीट बांधलेला गुच्छ टेबलावर ठेवला तर आपल्या पायांवर उभा राहतो. फ्रेंच दुकानात शिकाऊ मुलाची परीक्षा हीच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. तिळाच्या पेंढ्या वाळायला उभ्या करताना तो बुडखे असेच फाकवून ठेवतो.

गाठ मारायला तिकडे राफिया म्हणजे एका ताडाच्या पानाचा धागा वापरतात. आपल्याकडे वेणी आणि गजरा बांधायला केळीचे सोपट वापरत आले आहेत. दोन्ही धागे ओले केले की मऊ होतात आणि देठाला काचत नाहीत. दोन खंडांतल्या अशिक्षित म्हणवणाऱ्या बोटांनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर शोधले, असे म्हणायला हरकत नाही.

यातच त्या टिकाऊपणाचे रहस्य आहे असे मला वाटते. हाताने बांधलेल्या गुच्छाचे माप हाताचे असते. मुठीत मावतील इतकीच फुले त्यात येतात. त्यामुळे तो दांडगा होत नाही. तो उलगडून पाण्यात ठेवता येतो, म्हणून देणारा गेल्यावरही चार-सहा दिवस त्याची आठवण घरात राहते. आणि त्यात कोणाची तरी दहा मिनिटे दिसतात. हाराला सुई-दोरा पुरतो आणि फुलाचे मुखच तेवढे लागते. देवाला वाहिलेला हार दुसऱ्या दिवशी निर्माल्य व्हावा हेच योग्य. पण माणसाला द्यायचे फूल देठासकट द्यावे. देठासकट देणे म्हणजे पुढचे काही दिवस देणे.

फुलाला किती भार वाहता येतो याचे एक उदाहरण सांगतो. लियाँच्या बाजूच्या मेयाँ घराण्याने एक पिवळसर, कडेला गुलाबी छटेचा गुलाब तयार केला होता. 1939 मध्ये, युद्धाच्या तोंडावर, त्याचे डोळे परदेशी रवाना झाले. फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेला. तिकडे अमेरिकेत ते कलम वाढत राहिले. 29 एप्रिल 1945 रोजी तिथे त्याला 'पीस', म्हणजे शांतता, हे नाव देण्यात आले, आणि सान फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी जमलेल्या शिष्टमंडळांना तो गुलाब भेट म्हणून दिला गेला. फ्रान्समध्ये मात्र मेयाँने तो आपल्या आईच्या नावाने ओळखावा असे ठरवले होते. जगाला जो गुलाब शांततेचा वाटतो तो घरात आईचा आहे. दोन्ही नावे मला सारखीच समर्पक वाटतात.

आता आजच्या दिवसाकडे येऊ. पॅरिसच्या दुकानात आज जो गुलाब विकला जातो तो पुष्कळदा केनिया, इथिओपिया किंवा इक्वेडोरमध्ये उगवलेला असतो आणि हॉलंडच्या लिलावातून आलेला असतो. हात तेवढा अजून फ्रेंच आहे. आपल्याकडे उलट झाले. गुलाब आपला, हात मात्र हरवत चालला. मावळात, तळेगावच्या बाजूला, हरितगृहांत उत्तम लांब देठांचा गुलाब होतो; फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यासाठी तो परदेशी जातो. पुण्याच्या गुलटेकडीच्या बाजारात त्याला डच गुलाब म्हणतात आणि वीस फुलांच्या जुडीने तो विकला जातो. जुना उघड्या रानातला गुलाब शेजारीच गड्डीने विकला जातो. त्याचा देठ आखूड, पण वास पुष्कळदा अधिक. इतके चांगले फूल हाती असता आपण करतो काय? फुलवाणाऱ्या हिरव्या स्पंजात चार देठ खुपसतो, वर चकचकीत कागद गुंडाळतो, त्याला लाल फीत बांधतो. कागद मोठा, फूल लहान. घेणाऱ्याला तो उघडावासा वाटत नाही, म्हणून तो खुर्चीखाली जातो.

या उधळपट्टीला कंटाळून काही सुज्ञ मंडळींनी गुच्छाऐवजी पुस्तक द्यावे अशी टूम काढली आहे. पुस्तकाचा मी पक्षपाती आहे. या व्याख्यानाचेही उद्या पुस्तकच होणार. परंतु फूल वगळून हा प्रश्न सुटतो असे मला वाटत नाही. न वाचलेल्या पुस्तकाची गतीही फारशी निराळी नसते. दोष वस्तूचा नाही. देण्यातल्या घाईचा आहे. शिवाय फुलावर कोणाचे तरी पोट आहे. मावळातला शेतकरी, वसईची वाडी, बाजाराच्या कोपऱ्यावर पहाटेपासून बोटे चालवणारी बाई, यांना वगळून आपण सभा अधिक शहाणी केली, असे मला म्हणवत नाही.

म्हणून माझी सूचना अगदी लहान आहे. सत्कार करायचा तर पाच गुलाबांचा करा, अकरा गुच्छांचा नको. ते गावातल्याच कोणाकडून बांधून घ्या, आणि बांधणाऱ्याला त्याची मजुरी द्या. कागद काढून टाका. देठ दिसू द्या. गुलाब मिळाला नाही तर अडून बसू नका. आपल्या रानात फाल्गुनात पळस पेटतो, तेव्हा विकतच्या फुलावाचून कोणाचा मान अडला आहे? आणि शाळेतल्या मुलामुलींना एक दुपार ही तिरप्या देठांची युक्ती शिकवा. हात एकदा शिकला की विसरत नाही.

एक गोष्ट अखेरची. त्या रात्री सभागृहात त्या बाईंना मी विचारले होते, ''हे बांधायला कुठे शिकलात?'' त्या हसल्या. ''शिकायचं काय त्यात? आमची आई बाजारात फुलं विकायची.'' मग हातातला तुरा जरा लांब धरून त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, ''पोरीची परीक्षा संपली आज. तिला देते.'' भर्तृहरीने सांगितलेल्या दोन गतींपैकी पहिली गती त्या गुलाबांना रात्री नऊ वाजता एका अंधाऱ्या सभागृहात मिळाली. ती व्यासपीठाने दिलेली नव्हती. एका कष्टाच्या हाताने दिलेली होती.

तुम्ही मला दिलेला हा गुच्छ मी बरोबर नेणार आहे. कागद इथेच ठेवतो. जाताना रस्त्यात पाणी मिळाले की देठ भिजवीन, आणि घरी पोचल्यावर उलगडून तांब्यात ठेवीन. चार दिवस खापर माझ्या घरात राहील.